माल पडून आहे, रेकॉर्डिंग चालू आहे

आमचे मेहुणे पन्नाशी उलटल्यावर गिटार वाजवत गायला लागले, याची जबाबदारी मी खंडव्यावर टाकतो. मेहुण्यांच्या बुऱ्हाणपूरहून खंडवा रेल्वेने तासाभरावर. तिथे ४ ऑगस्ट १९२९ रोजी किशोरकुमार जन्मले आणि गाण्याचं रीतसर शिक्षण न घेता गायक झाले. ही दोन विधानं निमाडातल्या घराघरांत माहीत असतात. पहिल्याचा अभिमान बाळगला जातो आणि दुसऱ्याचा आधार घेतला जातो. न शिकणं हीच पात्रता धरली, तर मेहुणे फार पोचलेले गायक आहेत.

गिटार मुळात त्यांच्या मुलाची. तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, गिटार मागे राहिली. पहिल्या वर्षी तिच्यावर धूळ बसली, दुसऱ्या वर्षी तिच्याजवळ मेहुणे बसले. आता त्यांना जी, सी, डी आणि ई मायनर अशा चार कॉर्ड येतात. एफ लागणारं गाणं त्यांच्या मते मुळातच फारसं चांगलं नसतं.

इथपर्यंत कुणाला त्रास नव्हता, कारण कुणाला ऐकूच येत नव्हतं. मेहुणे लूमवाले आहेत. तळमजल्यावर आठ लूम, वर राहतं घर, गच्चीवर एक खोली आणि मागे अंगण ओलांडून कापडाचं गोडाऊन. बुऱ्हाणपूर हे कापडाचं गाव आहे, तेही आजकालचं नव्हे. सतराव्या शतकात तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इथून गेला आणि इथली तलम मलमल इराण-तुर्कस्तानपर्यंत जाते असं लिहून गेला. तेव्हा माग हातावर चालत, त्यामुळे त्याला रात्री झोप लागली असणार. आजच्या साध्या लूमवर धोटा मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा इकडून तिकडे फेकला जातो, आणि दर फेकीला लाकडी दांड्याचा तडाखा बसतो. लूमच्या खोलीतला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. माणसाचं साधं बोलणं साठच्या आसपास असतं. फरक चाळीसचा दिसतो, पण डेसिबलचा हिशेब गुणाकाराचा असतो. चाळीस डेसिबल म्हणजे दहा हजारपट ऊर्जा. म्हणूनच लूमवाल्यांच्या घरात मीठ मागितलं तरी शेजारी भांडण सुरू झालंय असं वाटतं.

अशा घरातून मला फोन आला. "दाजी, घरी रेकॉर्डिंग करायचंय. माईक कोणता घेऊ?"

मलाच का, तर मी काही वर्षं जळगाव आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक होतो. म्हणजे माईकसमोर बसायचो, काचेपलीकडचा माणूस खूण करायचा, मी बोलायचो. एवढ्यावरून मला माईकमधलं कळतं असं सासरी ठरलं. जन्मभर एसटीने फिरलेल्या माणसापुढे गिअरबॉक्स उघडून ठेवावा, तसं हे झालं. पण सासरी 'मला कळत नाही' म्हणायची सोय नसते. मी म्हणालो, "आधी मोबाईलवर करून पाठवा, ऐकतो."

त्यांनी ते मला एकट्याला न पाठवता घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. नागपूरच्या मावशींनी लगेच विचारलं, "प्रवासात आहेस का रे?"

मोबाईलचा यात दोष नव्हता. मोबाईल आवाजाची पातळी आपणहून राखतो. समोरचा मोठ्याने गायला लागला की तो कान मिटतो, थांबला की उघडतो. त्यामुळे मेहुणे ओळ गात तोवर लूम मागे राहत, आणि ते श्वासाला थांबले की आठही लूम एकदम पुढे येत. ऐकणाऱ्याला वाटे, मुख्य कलाकार लूम आहेत आणि मधल्या जागा कुणीतरी गाऊन भरून काढतंय.

त्यानंतर मेहुण्यांनी ऑनलाइन एक पेटी मागवली. हजार-बाराशे रुपयांत माईक, त्याला स्पंजची टोपी, टेबलाला अडकवायचा घडीचा हात, तोंडापुढे धरायची जाळी आणि माईक लटकवायचा रबरी दोऱ्यांचा पाळणा. हा माईक अर्थातच कंडेन्सर होता, कारण गायकांच्या फोटोंत पाळण्यातला माईक तोच असतो. लॅपटॉपच्या कानात वायर खुपसली, तर आत मुंगीच्या पावलांचा आवाज येईल इतपतच काहीतरी येत होतं. कंडेन्सर माईकमध्ये अगदी पातळ पडदा आणि त्यामागे विद्युतभार असलेली पट्टी असते. पडदा हलला की दोहोंतलं अंतर बदलतं आणि त्यातून आवाजाची वीज तयार होते. या कामाला त्याला वरून वीज पुरवावी लागते, स्टुडिओच्या पद्धतीत ४८ व्होल्ट. लॅपटॉपच्या कानातून तेवढे व्होल्ट मिळत नाहीत. मेहुण्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे माईक चांगला आहे, फक्त उपाशी आहे."

उपाशी माईकला जेवू घालायला मुलाचा एक मित्र इंदूरहून आला. त्याच्याकडे ऑडिओ इंटरफेस होता, म्हणजे माईकची तार एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूने यूएसबीने कॉम्प्युटरला जोडणारी मुठीएवढी डबी. शिवाय येताना त्याने स्वतःचा खरा, महागडा कंडेन्सर आणला होता. मी त्या वेळी तिथेच होतो. सकाळी सातला, लूम सुरू व्हायच्या आत, गच्चीवरच्या खोलीत रेकॉर्डिंग झालं.

नंतर हेडफोन लावून ते ऐकणं हा बुऱ्हाणपूरची ओळख करून घेण्याचा उत्तम मार्ग होता. सुरुवातीला लालबागकडून रेल्वेचा भोंगा. मग इंदूर–इच्छापूर रस्त्यावर केळीच्या ट्रकने बदललेला गिअर. मग नळ. बुऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा, २०२२ साली तसं जाहीर झालं. त्यामुळे नळ एका घराचा नव्हता, आळीभरचा होता. अंतऱ्याला कुठूनतरी कुकरची शिट्टी, दोन शिट्ट्यांमध्ये कबुतरं. शेवटच्या ओळीला महापालिकेची कचऱ्याची गाडी आपलं गाणं वाजवत आली आणि आमच्या गाण्याच्या तुलनेत ती सुरात होती. या सगळ्यात मेहुणेही होते, स्पष्ट होते. पण खोलीच्या उघड्या भिंतींवर आपटून आलेला त्यांचा आवाज त्यांच्याच मागोमाग पुन्हा येत होता, म्हणजे प्रत्येक चूक दोनदा.

"माईक पॉवरफुल आहे," मेहुणे खूश होऊन म्हणाले.

होताच. अडचण तीच होती. महाग माईक घेतला की आपलं गाणं जास्त चांगलं ऐकू येईल असं नवशिक्याला वाटतं. ऐकू येतं, पण शेजार त्याहून चांगला ऐकू येतो. कंडेन्सर स्टुडिओसाठी केलेला आहे. जळगावच्या स्टुडिओला दोन-दोन जाड दारं होती, भिंतींना भोकांच्या फळ्या होत्या आणि बाहेर लाल दिवा होता. लाल दिव्याची जरब नसलेल्या घरात कंडेन्सर बसवायचा म्हणजे मोहल्ल्याला कोरसमध्ये घेणं.

मी सुचवला डायनॅमिक माईक. स्टेजवर असतो तो, डोक्याला जाळीचा गोळा. आत चुंबक आणि पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी. आवाजाने गुंडाळी हलते, चुंबकापाशी हलली की वीज तयार होते. लाऊडस्पीकरचंच काम, उलट्या दिशेने. वरून वीज नको, कौतुक नको, खाली पडला तरी बहुतेकदा चालतो. शुअर कंपनीचा एसएम५८ १९६६ पासून बाजारात आहे आणि आजही जगभरच्या स्टेजवर तोच दिसतो. त्याच घाटाचे स्वस्त माईकही मिळतात. जवळचं ऐकायचं आणि लांबचं सोडून द्यायचं, हा त्याचा स्वभाव.

मेहुण्यांचं तोंड उतरलं. "दाजी, हा तर भजनी मंडळात असतो."

माझ्या आयुष्यात आकाशवाणीपेक्षा जास्त उपयोगी पडलेली माहिती मी तेव्हा काढली. मायकेल जॅक्सनचा १९८२चा 'थ्रिलर' अल्बम, त्यातलं गाणं डायनॅमिक माईकवर रेकॉर्ड झालेलं आहे, शुअर एसएम७वर. आणि त्याच १९८२ साली ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने 'नेब्रास्का' नावाचा अल्बम काढला. तो त्याने न्यू जर्सीतल्या घरी, झोपायच्या खोलीत, गिटार घेऊन एकट्याने साध्या कॅसेटवर रेकॉर्ड केला होता. चार ट्रॅकचं टॅस्कॅमचं कॅसेटयंत्र आणि दोन एसएम५७ डायनॅमिक माईक. नंतर बँड घेऊन मोठ्या स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, पण घरच्या कॅसेटमधली गंमत येईना. शेवटी ती कॅसेटच बाजारात आणली.

मेहुणे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याच्या खाली लूम होत्या का?"

नव्हत्या. या प्रश्नाला जगातल्या कोणत्याही माईकच्या माहितीपत्रकात उत्तर नाही.

आता लूमचा बंदोबस्त. मेहुण्यांनी काळ्या फोमचे तुकडे मागवून गच्चीवरच्या खोलीच्या भिंतींना लावले. खोली स्टुडिओसारखी दिसू लागली आणि लूमसारखीच वाजत राहिली. फोम आवाज अडवत नाही. खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज, त्यातलाही बारीक पट्टीचा, तो थोडा पितो. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं: जाड भिंत, जाड दार, फटी बुजवलेल्या. आणि लूमचा आवाज हवेतून येण्याआधी जमिनीतून, भिंतीतून, पलंगाच्या पायातून येतो. माईकचा स्टँड फरशीवर ठेवला की तो स्टँडमधून वर चढतो. मेहुण्यांच्या घरात भांड्यांच्या मांडणीवरची फुलपात्रंसुद्धा पाळीनुसार हलतात.

फोम हरल्यावर कुणीतरी त्यांना अंड्यांचे ट्रे सुचवले. हा सल्ला जगभर दिला जातो आणि जगभर निरुपयोगी आहे. पुठ्ठा पातळ असतो, त्याच्याने फारसं काही होत नाही. पण मेहुण्यांच्या घरी तो भौतिकशास्त्रावर पडला नाही. वहिनी म्हणाल्या, "या घरात अंड्याचा ट्रे आला, तर गाणं राहील आणि मी माहेरी जाईन." मेहुण्यांनी क्षणभर विचार केला. तो क्षण वहिनींनी पाहिला. त्यावर पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही.

मग लूम बंद ठेवून गायचं ठरलं. आपल्याच लूम, आपलाच स्विच. पण लूमवरच्या कारागिरांची मजुरी मीटरवर असते. कापड विणलं तेवढे पैसे. सेठ वर दोन गाणी म्हणणार म्हणून खाली आठ लूम थांबल्या, तर गाण्याचं तिकीट कारागीर भरणार. त्यातला जुना कारागीर मेहुण्यांना अदबीने म्हणाला, "सेठ, आप गाओ, दिल से गाओ. बस मीटर का क्या करना है वो बता दो." मेहुण्यांनी थांबलेल्या वेळेची मजुरी भरून द्यायचं कबूल केलं. तिचा हिशेब निघाला तेव्हा इंदूरचा स्टुडिओ भाड्याने घेणं स्वस्त पडेल असं दिसलं. आणि मी सांगतो, हा हिशेब दाखवणारा कारागीर आमच्यातला एकमेव जाणकार माणूस होता.

यावर मेहुण्यांनी जे डोकं चालवलं त्याला मी मानतो. ते म्हणाले, लूम बंद करायचीच कशाला? कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करताना ताल सुटू नये म्हणून कानात टकटक लावतात ना? आमची लूम मिनिटाला एकशेचाळीस ठोके देते. सत्तरच्या लयीचं गाणं घेतलं की दोन ठोक्यांना एक मात्रा. फुकटचा मेट्रोनोम! कागदावर बिनतोड. पण लूम एक नाही, आठ आहेत, आणि आठही वेगवेगळ्या वयाच्या. कुणी एकशेतीस, कुणी एकशेबेचाळीस, एकीचा पट्टा सैल. थोडा वेळ दोन लूम एकत्र ठोका देतात, लगेच फाटतात, तिसरी मध्ये घुसते. मेहुणे प्रत्येक ओळ वेगळ्या लूमबरोबर गात गेले. गाणं संपलं तेव्हा गिटार एका लूमवर होती आणि गळा दुसऱ्या.

मधल्या काळात ऐतिहासिक जागांचीही चाचपणी झाली. बुऱ्हाणपूरच्या माणसाला इतिहास घरचा वाटतो. मुमताजमहल १६३१ मध्ये इथेच वारली, तिचं पहिलं दफन तापीपलीकडे जैनाबादला झालं, आणि ताजमहाल खरं तर इथे व्हायचा होता, हे गाऱ्हाणं तो पाहुण्याला चहाआधी ऐकवतो. मेहुण्यांना शाही किल्ल्यातला हमाम हवा होता. घुमटाखाली आवाज भरून येतो म्हणे. उतावळी नदीकाठचा गुलारा महालही त्यांच्या यादीत होता, कारण तो शहाजहानने गुलारा नावाच्या गायिकेसाठी बांधला असं सांगतात. "तिला महाल दिला, मला गोडाऊनचीही किल्ली मिळत नाही," असं ते म्हणाले. किल्ली वहिनींकडे असते.

हमाम मी एका वाक्यात फेटाळला. घुमारा गाण्यात नंतर घालता येतो, आत आलेला काढता येत नाही. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतं. त्यात एका बटणावर खोली, दिवाणखाना, चर्च, पाहिजे तेवढा घुमारा देता येतो. रेकॉर्डिंग मात्र कोरडं हवं. घुमटाखाली गाऊन आलेल्या माणसाला सॉफ्टवेअर परत बाहेर काढू शकत नाही.

पण 'गोडाऊन' हा शब्द डोक्यात राहिला.

किल्ली मागून मी आत गेलो. वीस-बावीस फुटांची खोली, जुनी दगडी भिंत हातभर जाड, एकच दार, लूमपासून अंगणाएवढी लांब. आणि आत जमिनीपासून छतापर्यंत कापड. ग्रे कापडाचे तागे, गठाणी, चारी बाजूंना रचलेल्या, मधून जायला बोळ. मी टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथेच मेली. दुसऱ्यांदा वाजवली, तीही मेली. आवाज मारायला जाड, सच्छिद्र, मऊ वस्तू लागते आणि ती फूटभर जाड असली तर खर्जाचा आवाजही पिते. फोमच्या इंचभर तुकड्यांचं हे काम नव्हे. मेहुणे ज्याच्यासाठी भिंतींना गोंद फासत होते तो स्टुडिओ त्यांच्या मागच्या अंगणात पडून होता आणि त्याचं नाव होतं न विकलेला माल.

मग गोडाऊनसाठी खरेदी झाली. डायनॅमिक माईक दोन: एक गळ्याला, एक गिटारला. गिटारचा माईक तिच्या पोटातल्या भोकासमोर धरू नये, नुसतं ढब्ब वाजतं. मानेचा आणि पोटाचा सांधा असतो तिथे, बाराव्या-चौदाव्या पडद्यासमोर, वीतभर अंतरावर धरावा. गळ्याचा माईक ओठांपासून चार बोटं. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो, त्यामुळे फुटावरून तीन इंचांवर आलात तर बारा डेसिबल फुकट मिळाले, आणि लूम जिथल्या तिथे राहिली. दोन्ही माईक हृदयाच्या आकारात ऐकणारे, म्हणजे समोरचं ऐकायचं, पाठीमागचं नाही. माईकची पाठ लूमच्या दिशेला. शिवाय दोन माईक घ्यायचा इंटरफेस, कान पूर्ण झाकणारे हेडफोन, दोन स्टँड आणि चांगल्या तारा. स्टँडखाली वहिनींची जुनी गोधडी, घडी करून. सगळं मिळून पंधरा हजारांच्या घरात गेलं. वहिनींनी एवढंच विचारलं की पंधरा हजारांत गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं नसतं का. झालं असतं.

गळा आणि गिटार वेगवेगळे रेकॉर्ड करा, असं पुस्तकं सांगतात. मेहुण्यांना गिटार हातात नसली की शब्द आठवत नाहीत आणि गायल्याशिवाय कॉर्ड बदलत नाहीत. हौशी गवयांत हे सर्रास दिसतं, त्यामुळे दोन्ही एकदमच. पहिल्याच गाण्याला त्यांना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू यायला लागला आणि ते स्वतःची वाट पाहत गाऊ लागले. आवाज कॉम्प्युटरात जाऊन परत येतो, त्याला हा वेळ लागतो. त्यासाठी इंटरफेसवर थेट ऐकायचं बटण असतं. ते घेताना पाहून घ्या, बाकीची बटणं दुकानदारासाठी असतात.

पातळीचाही घोळ झाला. मेहुणे कडव्यात हळू गातात, म्हणून सुई बरोबर ठेवली. मग किशोरकुमारांच्या आठवणीने त्यांनी यॉडलिंग केलं आणि पडद्यावर सगळं लाल झालं. कॉम्प्युटरात शून्याच्या वर जागा नसते. वर गेलेला आवाज कापला जातो आणि तो पुन्हा शिवता येत नाही. म्हणून सर्वांत मोठा आवाज वजा बाराच्या आसपास राहील अशी पातळी धरायची. आम्ही दर वेळी मेहुण्यांकडून आधी यॉडलिंग करून घेऊ लागलो, मग पातळी, मग गाणं. अंगणापलीकडच्या गाईला याची सवय झाली आहे.

मीच एकदा बोलता बोलता सांगून बसलो की १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजान यांच्या पहिल्या तबकड्या रेकॉर्ड झाल्या, तेव्हा गाणं संपताच त्या इंग्रजीत आपलं नाव पुकारत, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या लोकांना कोण गायलं ते कळावं. तेव्हापासून मेहुणेही शेवटच्या कॉर्डनंतर स्वतःचं नाव सांगतात, पुढे 'बुऱ्हाणपूरवाले' जोडून. व्हॉट्सअ‍ॅपवर नाव आधीच दिसतं, हे सांगून उपयोग झाला नाही.

रेकॉर्डिंग सुरेख होऊ लागलं. मग बाजाराला उठाव आला. एका व्यापाऱ्याने एकरकमी माल उचलला, दोन ट्रक भरले, गोडाऊन निम्मं रिकामं झालं. घरात मावा जिलबी आली. मेहुणे संध्याकाळी गिटार घेऊन मागे गेले आणि जिलबी अर्धी टाकून परत आले. "दाजी, घुमतंय." मी जाऊन टाळी वाजवली, खरंच घुमत होतं. तेव्हापासून त्यांच्या घरी विक्रीचा आणि आवाजाचा हिशेब उलटा चालतो. मंदी असली की गळा भरदार येतो, दिवाळीच्या तोंडावर डबा होतो. त्यांची सर्वांत चांगली चार गाणी ज्या मोसमात झाली, त्या मोसमाबद्दल त्यांच्या सीएने अजून विषय काढलेला नाही. परवा एक दलाल भाव विचारायला आला, तर मेहुणे म्हणाले, "थोडं थांबा, एक गाणं राहिलंय." वहिनींनी ते ऐकलं. गोडाऊनची किल्ली तेव्हापासून त्यांच्या कमरेला आहे.

उरला लूमचा ठोका. भिंत जाड, अंगण मध्ये, तरी शांत गाण्यात तो खालून लागतोच. त्यावरचा उपाय वीज कंपनीने काढला. दुपारी एकदा गाणं चालू असताना वीज गेली. लूम थांबल्या, पंखे थांबले, शेजारचा कूलर, समोरची पिठाची गिरणी, टीव्ही, मिक्सर, सगळं एका क्षणात बंद झालं. रेकॉर्डिंग मात्र चालूच राहिलं, कारण लॅपटॉप बॅटरीवर होता आणि इंटरफेस यूएसबीतून लॅपटॉपचीच वीज घेत होता. डायनॅमिक माईकला तर वीज लागतच नाही. चार्जर बंद पडल्यामुळे मागे सतत येणारी ५० हर्ट्झची घरघरही गेली. तेवढ्या वेळात जे गाणं उतरलं त्यात फक्त एक माणूस, एक गिटार आणि अगदी शेवटी, लांबून, "लाईट कब आएगी?" असा एक प्रश्न आहे.

आता मेहुणे वर्तमानपत्रात सकाळी आधी वीजपुरवठा बंद राहण्याची सूचना शोधतात. फीडरच्या देखभालीची वेळ कळली की दोन गाणी ठरवतात, लॅपटॉप पूर्ण चार्ज करतात. पूर्वी वीज गेली की तक्रारीचा पहिला फोन त्यांचा असे. आता ती आली की ते चिडतात. कारागीरही खूश, कारण बंदचा वेळ सेठने केलेला नसतो आणि त्याला बाहेर चहा प्यायला मिळतो.

तेव्हा लूमच्या गावात, गिरणीच्या शेजारी किंवा हायवेच्या कडेला राहून घरी गाणं रेकॉर्ड करायचं असेल, तर दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: माईक जवळचंच ऐकतो का, आणि सगळं सामान विजेशिवाय चालतं का. दोन्हीला हो म्हणाला तर घ्या. तिसरा प्रश्न, आवाज कसा येईल, तो विचारू नका. मेहुण्यांची आताची रेकॉर्डिंगं मी आकाशवाणीच्या कानांनी ऐकली आहेत. घुमारा नाही, घरघर नाही, लूम नाही, गिटारची प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, शब्दन् शब्द स्वच्छ आहे. गाणं पूर्वीइतकंच बेसूर आहे.